नाही म्हणजे नक्की काय?

सकाळी साडेसातला ब्रश तोंडात धरून नळ फिरवावा आणि नुसतं फुस्स व्हावं, हा अनुभव आपल्या हॉस्टेलमध्ये ज्याला आला नाही त्याने हात वर करावा! नाही ना कोणी? आता मला सांगा, पाणी आलं नाही याचा अर्थ काय? टाकी रिकामी आहे? रात्री लाइट गेली म्हणून मोटर लागली नाही? की खालच्या मजल्यावरच्या एखाद्या महाभागाने व्हॉल्व्ह फिरवून ठेवलाय? नळ यातलं काहीच सांगत नाही. पाणी नाही, एवढंच सांगतो. बाकीचं आपण ब्रश तोंडात धरूनच ओळखायचं.

सी भाषेत ‘नल’ म्हणून एक प्रकार आहे. त्याच्यात ल आहे आणि याच्यात ळ, पण स्वभाव तंतोतंत तोच. मागच्या वर्षी या नलने माझी अशी काही जिरवली, की त्यावर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनो, पान उलटू नका. नुकसान झालं त्यात तुमचेच लोक जास्त होते.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. लिनक्सच्या मशीनला तुमचं नाव कळत नाही. तिला कळतो फक्त क्रमांक. तुमची प्रत्येक फाइल डिस्कवर ‘अमुक क्रमांकाच्या मालकाची’ म्हणून नोंदलेली असते. क्रमांकाचं नाव करायचं किंवा नावाचा क्रमांक करायचा, तर ‘ईटीसी’ डिरेक्टरीतल्या ‘पासवर्ड’ फाइलमध्ये बघायचं. (स्पेलिंगमधली ओ आणि आर ही दोन अक्षरं युनिक्सवाल्यांनी गाळलीत. टायपिंगचा कंटाळा, दुसरं काय!) एका माणसाची एक ओळ आणि एका ओळीत सात रकाने : लॉगिन नाव, पासवर्ड, माणसाचा क्रमांक, गटाचा क्रमांक, पूर्ण नाव वगैरे, घरची डिरेक्टरी आणि शेल. पासवर्डच्या रकान्यात आता पासवर्ड नसतो, नुसती फुली असते. खरा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये कुलूपबंद असतो. पाचव्या रकान्याला अजून ‘जीकॉस’ म्हणतात. बेल लॅब्जमध्ये प्रिंट काढायला जनरल इलेक्ट्रिकची ती सिस्टिम असलेलं मशीन वापरत, तिच्या खात्याची माहिती या रकान्यात ठेवायचे. ते मशीन केव्हाच गेलं, नाव मात्र चिकटून राहिलं. गावात वडाचं झाड पडून पन्नास वर्षं झाली तरी स्टॉपला ‘वडाखाली’च म्हणतात, त्यातलाच प्रकार.

ही फाइल आपण स्वतः उघडून वाचायची नसते. त्यासाठी लायब्ररीत तयार फंक्शनं आहेत. नावावरून नोंद हवी तर गेटपीडब्ल्यूनॅम. क्रमांकावरून हवी तर गेटपीडब्ल्यूयूआयडी. सगळी यादी एकामागून एक हवी तर गेटपीडब्ल्यूएंट. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ही मंडळी आहेत. म्हणजे आपल्या काही सरांपेक्षाही वयाने मोठी! नोंद सापडली की त्या नोंदीचा पॉइंटर परत मिळतो. नाही सापडली की नल.

व्हायवाला एवढंच विचारतात आणि आपणही एवढंच सांगतो. जर्नलमध्ये मी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय : ‘युजर नसल्यास नल मिळतो.’ त्याच्यावर सही आहे, दहापैकी नऊ मार्क आहेत. वाक्य खोटं नाही. ते अर्धंच आहे.

आता कर्मकथा. लॅबच्या सर्व्हरवर आपल्या सगळ्यांची होम फोल्डर्स असतात आणि ती डिस्क बारा महिने तुडुंब भरलेली असते, हे तुम्हाला माहीत आहेच. पास होऊन गेलेल्या बॅचेसची फोल्डर्स तशीच पडून. सिस्टिम बघणाऱ्या सरांनी मला विचारलं, एखादा साफसफाईचा प्रोग्राम लिहितोस का? मी तर हरभऱ्याच्या झाडावरच चढलो. तिसऱ्या वर्षाच्या पोराला सर्व्हरवर रूटने चालणारा प्रोग्राम लिहायला मिळतोय! एका संध्याकाळीत लिहून काढला. तर्क अगदी साधा होता. प्रत्येक फोल्डरच्या मालकाचा क्रमांक घ्यायचा. तो गेटपीडब्ल्यूयूआयडीला द्यायचा. नाव मिळालं तर पुढे जायचं. नल आला तर त्याचं खातं बंद झालंय, म्हणजे विद्यार्थी पास होऊन गेला, म्हणजे फोल्डर उडवायचं. चाचणी घेतली, सुरेख चालला. दर रविवारी पहाटे अडीच वाजता आपोआप सुरू होईल असं लावून दिलं आणि मी मित्रांना वडापाव खाऊ घातला.

पाच रविवार सगळं सुरळीत. सहाव्या रविवारी पाऊस असा काही झोडपत होता की रात्री दीडलाच लाइट गेली. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपली खाती त्या सात रकान्यांच्या फाइलमध्ये नाहीतच. त्या फाइलमध्ये फक्त रूट आणि मशीनची स्वतःची किरकोळ खाती. पोरांची खाती दुसऱ्या इमारतीतल्या एलडॅप सर्व्हरवर. लॅबच्या सर्व्हरला यूपीएस होता, तो तग धरून राहिला. तिकडची बॅटरी जुनी, ती तासाभरात बसली. अडीच वाजता माझा प्रोग्राम उठला आणि त्याने पहिल्या फोल्डरबद्दल विचारलं, हा कोण? तिकडून उत्तर द्यायला कोणीच नव्हतं. फंक्शनने नल दिला. प्रोग्रामने फोल्डर उडवलं. दुसरं विचारलं. नल. उडवलं.

सकाळी लॉगमध्ये मी हे सगळं ओळीने वाचलं. एकसष्ट फोल्डर्स! यादी मी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली होती आणि आपली लॉगिन नावं आडनावाने सुरू होतात. म्हणजे ए गेले, बी गेले, सी जवळजवळ गेले. सव्वातीनच्या सुमारास लाइट आली, तिकडचा सर्व्हर उठला आणि पुढच्यांची नावं सापडायला लागली. अर्धे चव्हाण गेले, अर्धे वाचले. देशपांड्यांपासून पुढे कोणाला ओरखडासुद्धा नाही.

लॉगमधली आणखी एक गोष्ट मला अजून छळते. दोन ओळींमध्ये जवळजवळ पाऊण मिनिटाचं अंतर होतं. एरवी अख्खी यादी काही सेकंदांत उरकायची. म्हणजे प्रत्येक वेळी लायब्ररी तिकडच्या बंद सर्व्हरचं दार ठोठावत होती, थांबत होती, पुन्हा ठोठावत होती, आणि कंटाळून मगच नल देत होती. खरंच नसलेल्या माणसाचं ‘नाही’ चटकन येतं. हे ‘नाही’ धापा टाकत येत होतं. पण मी फक्त नल आहे का एवढंच तपासत होतो. तो कसा आला, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

बॅकअप होता, आठ दिवसांपूर्वीचा. बहुतेकांचं आठ दिवसांचं काम गेलं आणि त्यांनी मला यथेच्छ शिव्या घालून विषय संपवला. पण आमच्याच विंगमधल्या मेकॅनिकलच्या एका मित्राचं सिम्युलेशन त्या आठवड्यातच चाललं होतं. सहा दिवस मशीन अडवून काढलेले निकाल. शनिवारी रात्री रन संपला, रविवारी तो निवांत झोपला, सोमवारी प्रोजेक्टचा रिव्ह्यू. मी त्याच्या खोलीत जाऊन खरं ते सांगितलं. तो काही बोलला नाही. दुपारी मेसमध्ये मी समोर बसलो तर ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. त्या दिवशी फीस्ट होती, गुलाबजाम होते. माझ्या घशाखाली उतरले नाहीत.

तिथे बसल्या बसल्या मला एकदम मावशीचं घर आठवलं. त्याचं कारण सांगतो.

माझं गाव नागाव. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना आक्षीच्या पुढे लागतं ते. तुमच्यापैकी पुष्कळजण तिथल्या बीचवर येऊन गेलेत (आणि आमच्या वाडीत न विचारता शहाळी पाडून गेलेत, ते वेगळं). ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. मी त्या दिवशी गावात नव्हतो. मार्चमध्ये दहावीची परीक्षा देऊन डोंबिवलीला मावशीकडे चार दिवस म्हणून गेलो होतो, तो लॉकडाऊनमध्ये तिथेच अडकलो. आमचा भूगोलाचा पेपरच रद्द झाला होता, आठवतंय? आई, बाबा आणि आजी नागावला.

दुपारी टीव्हीवर झाडं झोपताना दिसली आणि मी फोन लावला. बाबांचा : संपर्क क्षेत्राबाहेर. आईचा : बंद आहे. शेजारच्या काकांचा : संपर्क क्षेत्राबाहेर. रात्रीपर्यंत किती वेळा लावला असेन याचा हिशोब नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. जायचं म्हटलं तरी जिल्हा ओलांडायला पास लागत होता. पंधरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय काय येतं ते मी लिहीत नाही. रडायला लागलो तेव्हा मावशीने फोन माझ्या हातातून घेतला, स्पीकरवर टाकला आणि म्हणाली, “ती बाई काय बोलतेय ते नीट ऐक. ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असं म्हणतेय का? नाही ना? संपर्क होत नाही म्हणतेय. टॉवर पडला असेल रे राजा. लागत नाही म्हणजे माणसं नाहीत असं नसतं.”

चौथ्या दिवशी बाबा मोटरसायकलवरून, आडवी झाडं चुकवत अलिबागला आले. तिथे रेंज मिळाली तसा त्यांनी फोन केला. माणसं सुखरूप होती. पडवीचे पत्रे उडाले होते आणि वाडीतल्या निम्म्या सुपाऱ्या मुळासकट आडव्या झाल्या होत्या. (सुपारीचं झाड धरायला पाच-सात वर्षं लागतात. आजोबांनी लावलेली होती ती.) लाइट यायला पुढे कित्येक दिवस गेले. पण त्या चार दिवसांत मावशीने मला ‘नाही’चे दोन प्रकार शिकवले होते. चार वर्षांनी प्रोग्राम लिहिताना मी ते साफ विसरलो.

आमच्या गावच्या पोस्टमनलाही हे कळतं. परत जाणाऱ्या टपालावर तो नुसतं ‘नाही’ लिहीत नाही. घर बंद, सोडून गेले, घेण्यास नकार, पत्ता सापडत नाही, असं वेगवेगळं लिहितो. मुंबईला राहणाऱ्या लोकांची नागावात कितीतरी घरं आहेत, गणपतीला आणि मे महिन्यात उघडणारी. कुलूप दिसलं म्हणून ‘असा इसम नाही’ असा शेरा त्याने मारायला सुरुवात केली, तर अर्धं गाव कागदावरून उठेल! आधारचंही तसंच. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातली पहिली आधार नोंद दिली गेली. आज रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा ठेवला आणि उत्तर नकाराचं आलं, तर त्याच्याबरोबर कारणाचा क्रमांकही असतो. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही, ९९८ म्हणजे आधार क्रमांकच बरोबर नाही. समोर उभ्या असलेल्या म्हातारीला मात्र ‘होत नाहीये’ एवढंच ऐकू येतं. कारण यंत्राला माहीत असतं, ते माणसापर्यंत पोचवायचं की नाही हे मध्ये बसलेला ठरवतो. माझ्या गोष्टीत तो मध्ये बसलेला मी होतो.

मग फंक्शनचा काहीच दोष नाही का? आहे, आणि माझ्या मते बऱ्यापैकी आहे. १९७९ मध्ये ‘नाही’चे दोन अर्थ व्हायला फारशी जागाच नव्हती. मशीन एक आणि त्याच मशीनवरची फाइल एक. उघडली, शेवटपर्यंत वाचली, नाव नाही. संपलं! त्या दिवसांत नल म्हणजे खरोखरच ‘असा कोणी नाही’ असं धरून चाललं तरी निभावायचं. पुढे १९८०च्या दशकात सन कंपनीने खात्यांची यादी नेटवर्कवरून वाटण्याची सोय काढली. तिचं नाव आधी यलो पेजेस होतं, ब्रिटिश टेलिकॉमच्या ट्रेडमार्कमुळे ते एनआयएस झालं. मग एलडॅप आलं. आता उत्तर आठ हात लांबच्या फाइलमधून नाही, तर केबल, स्विच, दुसरी इमारत, तिसऱ्याची बॅटरी, असं सगळं ओलांडून यायला लागलं. मात्र जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून फंक्शनचं तोंड तेच ठेवलं. सापडलं तर पॉइंटर, नाहीतर नल. गल्लीतल्या माणसाला हाक मारायची पद्धत होती, तीच परगावच्या माणसाला लावली. ओ आली नाही की गेला!

मॅन्युअल वाचलं असतं तर कळलं असतं. (कोण वाचतो? मीही नंतरच वाचलं, चोर गेल्यावर कुलूप लावावं तसं.) त्यात स्पष्ट लिहिलंय, की नल सापडलं नाही म्हणूनही येतो आणि गडबड झाली म्हणूनही येतो. फरक कळायला हवा तर आधी एररनो हा व्हेरिएबल शून्य करायचा, मग फंक्शनला हाक मारायची, आणि नल आल्यावर एररनो पुन्हा बघायचा. शून्यच राहिला तर माणूस नाही. बदलला तर काहीतरी बिघडलंय. पण पुढे तेच मॅन्युअल कबूल करतं, की काही सिस्टिम्स माणूस नसला तरीही एररनोमध्ये काहीबाही टाकतात. त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे याच फंक्शनांची शेवटी ‘अंडरस्कोर आर’ लावलेली भावंडं. ती निकाल एका ठिकाणी देतात आणि बिघाडाचा क्रमांक दुसऱ्या ठिकाणी. निकाल रिकामा आणि क्रमांक शून्य, म्हणजे खरंच नाही. निकाल रिकामा आणि क्रमांक शून्य नाही, म्हणजे विचारताच आलं नाही.

त्यातही एक मेख आहे. नाव कुठे कुठे शोधायचं याचा क्रम एनएसस्विच नावाच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. आधी स्थानिक फाइल, मग एलडॅप, असा काहीतरी. आणि तिथला ठरलेला नियम असा, की एखादं ठिकाण बंद असलं तर निमूटपणे पुढच्याकडे जायचं. म्हणजे बंद दार मध्येच लागलं आणि शेवटच्याने ‘माझ्याकडे नाही’ म्हटलं, तर मधल्या दाराची बातमी तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून माझं स्पष्ट मत झालंय : ज्या ‘नाही’वर काही पुसायचं, उडवायचं, कोणाला बाहेर काढायचं असेल, ते एका फंक्शनच्या एका उत्तरावर करूच नये. नाव छापायला क्रमांक वापरला तर बिघडत नाही. एलएस ही आज्ञा तेच करते. मालकाचं नाव मिळालं नाही तर त्या जागी नुसता आकडा दाखवते आणि गप्प बसते. तिने कोणाचं काही उडवलेलं मी ऐकलं नाही.

आणि एक तक्रार आपल्या अभ्यासक्रमाबद्दल. सर-मॅडमनी रागावू नये. प्रॅक्टिकलमध्ये आपण प्रत्येक फंक्शन चालतं तेव्हाच बघतो. आउटपुट बरोबर आला की प्रिंट, सही, पुढचा रोल नंबर. एखाद्या दिवशी मुद्दाम केबल काढून तोच प्रोग्राम चालवायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे. त्या पाच मिनिटांत मला जे कळलं असतं, त्यासाठी एकसष्ट जणांना किंमत मोजावी लागली.

सरांनी मला प्रोग्रामवरून काढलं नाही. म्हणाले, “तूच मोडलंयस, तूच नीट कर.” रागावले असते तर बरं वाटलं असतं. नवा प्रोग्राम लिहायला तीन आठवडे लागले. तो सुरुवातीला सरांचा आणि माझा असे दोन क्रमांक विचारतो. ही दोन्ही खाती एलडॅपवर आहेत आणि ती आहेत हे आम्हाला पक्कं माहीत आहे. यातला एक जरी ‘नाही’ आला, तर यादीच खोटं बोलतेय असं समजून तो काहीही न करता थांबतो आणि सरांना मेल टाकतो. दोन्ही सापडले तरच पुढे जातो. बेवारस वाटलेलं फोल्डर उडवत नाही, बाजूच्या डिरेक्टरीत सरकवतो. चार रविवार लागोपाठ तेच उत्तर आलं, तर सरांकडे यादी जाते. उडवायचं बटण माणूस दाबतो. डिस्क पूर्वीपेक्षा थोडी जास्त भरलेली राहते, त्याबद्दल बोंबलू नका.

मेकॅनिकलच्या मित्राने सिम्युलेशन पुन्हा लावलं. रिव्ह्यू आठ दिवस पुढे ढकलून मिळाला, त्यासाठी मी त्याच्या गाइडकडे जाऊन सगळा प्रकार सांगितला. दुसऱ्या रनचे सहाही दिवस रोज रात्री त्याच्या फोल्डरची प्रत मी माझ्या हार्डडिस्कवर घेत होतो. सातव्या दिवशी तो मेसमध्ये परत माझ्या टेबलावर आला. त्या दिवशी नेमकी दुधीची भाजी होती.

नव्या प्रोग्रामचा कोड लॅबच्या सर्व्हरवर सगळ्यांना वाचायला ठेवलाय. कोणालाही चूक सापडली तर मला बी विंगमध्ये येऊन सांगा. फक्त रविवारी पहाटे अडीचच्या आत या.